नदीत गाळ कुठून येतो? क्यूजीआयएस आणि स्वॅट वापरून पाणलोट तपासण्याची सुरुवात

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर गोव्यातली जवळपास प्रत्येक नदी तांबडी होऊन वाहते. ही माती कुणाची, यावर गावागावांत ठाम मतं आहेत. कुणी खाणीकडे बोट दाखवतं, कुणी नव्या रस्त्याकडे, कुणी डोंगरकापणीकडे. मतं खरीही असतील, पण पंचायतीपुढे किंवा सरकारी खात्यापुढे जाताना ‘कुठल्या व्हाळातून (ओढ्यातून) किती’ हे सांगता आलं पाहिजे. त्यासाठी लागणारी साधनं आज फुकट मिळतात आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. ज्यांनी आजवर नकाशाचं एकही सॉफ्टवेअर उघडलेलं नाही अशा विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी, जैवविविधता समितीच्या सदस्यांसाठी हे लिहितो आहे.

साधनं दोन. क्यूजीआयएस हे नकाशांचं मुक्त सॉफ्टवेअर आणि स्वॅट हे पाणलोटाचं, म्हणजे ज्या भूभागाचं पाणी एका ठिकाणी येऊन मिळतं त्याचं, मॉडेल. स्वॅट अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन विभागाने टेक्ससमध्ये १९९० च्या दशकात उभं केलं. आज त्याची ‘स्वॅट प्लस’ ही नवी रचना वापरतात आणि ‘क्यूस्वॅट प्लस’ नावाचं प्लगइन ती क्यूजीआयएसला जोडतं. कुठे काय आहे ते नकाशा सांगतो. मॉडेल रोजचा पाऊस घेतं आणि त्यातलं किती पाणी मुरलं, किती वाहिलं, वाहताना किती माती, नत्र आणि स्फुरद नदीत घेऊन आलं याचा हिशेब मांडतं.

प्रश्न आधी ठरवा

‘आमची नदी प्रदूषित आहे का?’ हा मॉडेलला विचारायचा प्रश्न नव्हे. प्रश्नात एक ठिकाण, एक घटक आणि एक काळ हवा. या लेखासाठी मी असा प्रश्न धरतो : ओपा इथे खांडेपार नदीतून पिण्यासाठी पाणी उचलतात, तिथे जून ते सप्टेंबर येणाऱ्या गाळात सर्वांत मोठा वाटा कुठल्या उपपाणलोटांचा? ओपाचं पाणी फोंडा आणि तिसवाडीला जातं, म्हणजे पणजीच्या नळालाही. उत्तर मिळालं तर त्याचा उपयोग कुणाला आहे हे स्पष्ट आहे.

नवखे बहुतेक वेळा साळ नदीपासून सुरुवात करायला बघतात. कारण समजण्यासारखं आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात साळ आहे, आणि मडगाव-नावेलीच्या माणसाला यादीची गरजही नाही. तरी पहिला सराव साळीवर करू नका. तिचं खोरं सपाट आहे, खालच्या भागात भरती-ओहोटी चालते आणि तिचं मुख्य दुखणं सांडपाण्याचं आहे. स्वॅटला भरती कळत नाही. त्याच्या हिशेबात पाणी फक्त खाली जातं, उलटं कधी येत नाही. मांडवी आणि जुवारीत तर भरती कित्येक किलोमीटर आत शिरते.

म्हणून गोव्यापुरता एक नियम पाळा : तुमच्या पाणलोटाचं तोंड भरतीच्या पट्ट्याच्या वर धरा. ओपाचं ठिकाण त्यासाठी चांगलं आहे. वर दूधसागर आणि मोले-तांबडी सुर्लाचं जंगल, मधे कुळागरं (माडा-पोफळीच्या बागा) आणि गावं, धारबांदोडा तालुक्यातल्या खाणी, आणि खाली पिण्याच्या पाण्याचा उपसा. एकाच खोऱ्यात जमिनीचे इतके प्रकार मिळाले की मॉडेल काय करतं ते लवकर उमगतं.

उंचीचा नकाशा : इथे घाई करू नका

क्यूजीआयएसची दीर्घकालीन आवृत्ती उतरवा, मग स्वॅट प्लस. प्रकल्पाचं फोल्डर थेट सी ड्राइव्हवर करा, नाव इंग्रजी अक्षरांत आणि मधे मोकळी जागा न सोडता. मराठी नावाच्या किंवा लांबलचक फोल्डरमुळे प्लगइन अडकतं आणि कारण नीट सांगत नाही.

उंचीच्या नकाशाला डीईएम म्हणतात. त्याच्या प्रत्येक चौकटीत त्या जागेची उंची असते. ३० मीटर चौकटीचे तीन डीईएम सहज मिळतात : नासाचा एसआरटीएम, युरोपचा कोपर्निकस आणि इस्रोच्या ‘भुवन’वरचा कार्टोडीईएम. खांडेपारसाठी उत्तर १५, पूर्व ७४ हा एक अंशाचा तुकडा बहुतेक पुरतो. तुकडा उतरवल्यावर लगेच त्याचं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत) बदलून यूटीएम ४३ उत्तर करा, सॉफ्टवेअरमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. मूळ फाइल अंशांत असते आणि अंशांत क्षेत्रफळ मोजता येत नाही. पुढचे सगळे नकाशे याच प्रक्षेपणात हवेत.

गोव्याच्या सीमेवर डीईएम कापू नका. पाण्याला राज्याची हद्द नाही. म्हादई-मांडवीचं खोरं २०३२ चौरस किलोमीटरचं धरतात, त्यातलं १५८० गोव्यात, ३७५ कर्नाटकात आणि ७७ महाराष्ट्रात. तिळारीचं धरण दोडामार्ग तालुक्यात आहे, त्याच नदीला खाली आपण शापोरा म्हणतो. खांडेपारचाही वरचा काठ घाटमाथ्यावर जातो. चारही बाजूंनी पाच-दहा किलोमीटर जास्तीचं ठेवा आणि खोऱ्याची कड सॉफ्टवेअरला शोधू द्या.

आता डीईएममधल्या चुका. मॉडेल चालवण्याआधी प्रत्येकाने त्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात असं मला मनापासून वाटतं. उपग्रहाला जमीन दिसत नाही, झाडाचा शेंडा दिसतो. मोलेच्या दाट जंगलात सगळीच जमीन कमी-अधिक वर उचलली जाते, त्यामुळे तिथे फारसं बिघडत नाही. पण खाजनाच्या, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, कडेची कांदळवनं नकाशावर उंच बांधासारखी उभी राहतात आणि खरा बांध दिसतच नाही. कोपर्निकसवरून झाडं आणि इमारती वजा करून केलेला ‘फॅबडीईएम’ अशा जागी बरा, तो बिगरव्यावसायिक कामाला मोफत आहे.

दुसरी अडचण खास आपली. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं. त्यानंतर खाणी खोल गेल्या आणि टाकाऊ मातीचे डोंगर वाढले. पुढे ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणकाम थांबलं, पुन्हा सुरू झालं, २०१८ मध्ये पुन्हा थांबलं. या मधल्या काळातली जमीन जुन्या डीईएममध्ये नाही. खाणीच्या भागासाठी म्हणून नंतरच्या वर्षांचा कोपर्निकस वापरा. आणि इथेच सापळा आहे. पाणी वाहतं राहावं म्हणून सॉफ्टवेअर पहिल्याच पायरीत सगळे खड्डे ‘भरून’ टाकतं. डीईएममधली चूक म्हणून पडलेला खड्डा आणि चाळीस मीटर खोल खाणीचा खड्डा, त्याला दोन्ही सारखेच. खाणीतला खड्डा भरला गेला की ज्या पाण्याने तिथेच थांबायचं ते मॉडेलमध्ये थेट नदीत जातं, आणि गाळाचा आकडा फुगतो.

उपाय साधा पण कष्टाचा आहे. मूळ डीईएम आणि भरलेला डीईएम यांची क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये वजाबाकी करा. जिथे फरक काही मीटरांहून जास्त येतो त्या जागा उपग्रहचित्रावर एकेक करून तपासा. खरा खड्डा असेल तर त्याची कड हाताने रेखा आणि पुढे मॉडेलमध्ये तो जलाशय म्हणून धरा.

एवढं झालं की क्यूस्वॅट प्लसची पहिली पायरी, पाणलोट आखणं. प्लगइन विचारतं, किती चौकटींचं पाणी एकत्र आलं की त्याला ओढा म्हणायचं? दोन चौरस किलोमीटर धरलेत तर आकडा सुमारे २२०० चौकटी येतो, कारण ३० मीटरची एक चौकट ९०० चौरस मीटरची. सुरुवातीला हे ठीक आहे. फार लहान आकडा दिलात तर प्रत्येक पाणंद व्हाळ होऊन बसते. मग ओपाचा बिंदू नदीच्या रेषेवर ठेवा आणि आखणी चालवा. आलेली नदी उपग्रहचित्रावरच्या नदीवर बसते का ते बघा. वळणं चुकत असतील तर नदी स्वतः रेखून ती डीईएममध्ये ‘कोरण्याचा’ पर्याय प्लगइनमध्येच आहे.

जमिनीचा वापर : तयार नकाशा जसाच्या तसा घेऊ नका

युरोपीय अवकाश संस्थेचा ‘वर्ल्डकव्हर’ हा १० मीटरचा नकाशा २०२० आणि २०२१ सालांसाठी मोफत आहे. उघडा आणि तुमच्या ओळखीच्या वाड्यावर जा. वृक्षाच्छादन म्हणून जो हिरवा रंग दिसेल त्यात घाटातलं सदाहरित जंगल, उतारावरची काजूची बाग, पाटाच्या पाण्यावरचं माडा-पोफळीचं कुळागर आणि खाणीच्या टाकाऊ मातीवर लावलेली अकेशिया हे सगळं एकच आहे. पाण्याच्या दृष्टीने यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जंगलाखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो. काजूच्या बागेत पिकाआधी जमीन साफ करतात. कुळागरात मुद्दाम पाणी जिरवतात आणि शेणखत घालतात. अकेशियाखालच्या भुसभुशीत ढिगाला तर धड माती म्हणणंही कठीण.

म्हणून वर्ल्डकव्हर पायाला ठेवा आणि वर हाताने निदान चार वर्ग रेखा : खाणीचा खड्डा, टाकाऊ मातीचा ढीग, काजू, कुळागर. सेंटिनेल-२ या उपग्रहांची चित्रं दर पाच दिवसांनी मिळतात. डिसेंबर ते मार्चमधली, ढग नसलेली घ्या. रेखताना खात्री नसेल तर त्या गावात जा आणि विचारा, कारण कुणाचा डोंगर कधी साफ झाला हे तिथल्या माणसाला कुठल्याही उपग्रहापेक्षा चांगलं ठाऊक असतं. या कामात आठवडा गेला तरी चालेल. सगळ्या प्रकल्पात सर्वांत जास्त फरक याने पडतो.

नंतर एक छोटा तक्ता करावा लागतो : नकाशातला वर्ग क्रमांक आणि स्वॅटमधला त्याचा सांकेतिक शब्द. जंगल, भात, फळबाग, वस्ती, पाणी यांचे शब्द तयार आहेत. टाकाऊ मातीच्या ढिगासाठी उघड्या जमिनीचा घ्या आणि त्याचे आकडे पुढे बदला.

मातीचं काम थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा (एफएओ) जागतिक मातीनकाशा स्वॅटला चालेल अशा तक्त्यासह मिळतो, सरावाला तो पुरे. पण तो फार ढोबळ आहे. जांभ्या दगडाचा सडा (पठार) आणि खालची गाळाची शेतं तो वेगळी करत नाही. पुढे नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचे नकाशे किंवा २५० मीटरचा ‘सॉइलग्रिड्स’ वापरा.

जमीन, माती आणि उतार यांची जी एकेक जोडणी तयार होते तिला एचआरयू म्हणतात. मॉडेल पावसाचा हिशेब प्रत्येक एचआरयूसाठी वेगळा करतं.

पाऊस, आणि एक हातचं गणित

हवामान खात्याचा पाव अंशाच्या जाळ्यातला रोजचा पाऊस १९०१ पासून मोफत उपलब्ध आहे. पाव अंश म्हणजे आपल्याकडे साधारण २७ किलोमीटर. किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंत गोव्याची सगळी रुंदी साठेक किलोमीटरची. म्हणजे दोन-तीन चौकटींत सगळा चढ संपतो, आणि वाळपईला पणजीपेक्षा किती जास्त पडतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातला धोका लगेच कळेल. फोंडा, वाळपई, सांगे इथल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी हवामान खात्याकडून मागवा आणि जाळ्यातल्या आकड्यांशी ताडून बघा. तापमान, आर्द्रता, वारा यांसाठी नासाचा ‘पॉवर’ हा संच चालतो.

सॉफ्टवेअरमध्ये आकडे घालण्याआधी एक उदाहरण कागदावर सोडवा. वाहून जाणाऱ्या पाण्यासाठी स्वॅट ‘कर्व्ह नंबर’ वापरतं. तो शंभरच्या जितका जवळ तितकं पाणी जास्त वाहतं. आधी जमिनीची धारणक्षमता काढायची : २५४०० भागिले कर्व्ह नंबर, वजा २५४. समजा एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला. चांगल्या जंगलाचा कर्व्ह नंबर मध्यम-जड मातीवर ७०, म्हणून धारणक्षमता सुमारे १०९ मिमी. तिचा पाचवा भाग, म्हणजे २२ मिमी, सुरुवातीलाच अडतो. उरलेल्या ७८ चा वर्ग करून त्याला पाऊस अधिक धारणक्षमतेच्या चार-पंचमांशाने, म्हणजे १८७ ने भागा. उत्तर जवळपास ३३ मिमी. आता तीच जमीन उघडी करा, कर्व्ह नंबर ९१. धारणक्षमता २५ मिमीवर येते आणि वाहून जाणारं पाणी ७५ मिमीवर. पाऊस तोच, पाणी दुपटीहून जास्त. गाळाचं सूत्र या वाहत्या पाण्यावर आणि त्याच्या शिखरवेगावरच बांधलेलं असल्याने डोंगरकापणीचा परिणाम मातीत याहून मोठा दिसतो. हे हाताने एकदा केलं की पुढे पडद्यावर विचित्र आकडा आला तर तो कुठून आला हे शोधता येतं.

मग स्वॅट प्लस एडिटरमध्ये हवामानाच्या फाइली जोडा आणि निदान दहा वर्षांचा रन लावा, म्हणजे तेवढ्या वर्षांसाठी मॉडेल चालवा. पहिली दोन-तीन वर्षं तापवणीची. मातीतला ओलावा आणि भूजल खऱ्या पातळीला येईपर्यंतचे निकाल मोजायचे नाहीत.

आधी पाणी जुळवा, मग गाळ

पहिला रन जवळजवळ नेहमीच चुकीचा येतो. ते अपेक्षितच आहे. जुळवणीचा क्रम मात्र बदलू नका : आधी वर्षाचं एकूण पाणी, मग महिन्याचं, मग गाळ, आणि शेवटी नत्र-स्फुरद. पाणी चुकलेलं असताना गाळ जुळवला तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

जुळवायला मोजलेला प्रवाह लागतो. केंद्रीय जल आयोगाचं मांडवीवर गांजे इथे मोजणी केंद्र आहे. राज्याच्या जलसंपदा खात्याकडे खांडेपारच्या नोंदी लेखी अर्ज करून मागा. तिथे पुरेशा मिळाल्या नाहीत तर शेजारचं म्हादईचं खोरं गांजेवर जुळवून तेच आकडे खांडेपारला लावण्याची पद्धत आहे, फक्त अहवालात तसं लिहा. महिन्याच्या प्रवाहासाठी नॅश-सटक्लिफ गुणांक (मोजलेले आणि मॉडेलचे आकडे किती जुळतात ते सांगणारा, पूर्ण जुळले तर १) ०.५ च्या वर आणि एकूण प्रमाणातली चूक २५ टक्क्यांच्या आत आली तर मॉडेल कामचलाऊ समजतात. गाळासाठी ५५ टक्क्यांपर्यंत सूट देतात. उन्हाळ्याचे आकडे जुळवताना जपा : बंधाऱ्यांना फळ्या घातल्या की प्रवाह नैसर्गिक राहत नाही.

गाळाच्या नोंदी तुम्हालाच घ्याव्या लागतील. गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नमुने मोलाचे आहेत, पण महिन्यातून एकदा घेतलेल्या नमुन्यात पुराचा तो एक दिवस क्वचितच सापडतो, आणि वर्षाचा बराचसा गाळ अशा थोड्या दिवसांतच वाहतो. पाणी चढताना, शिखरावर आणि उतरताना असे तीन नमुने घ्या. पुलावरून दोरीला बादली बांधून, प्रवाहाच्या मधून. पावसाळ्यात नमुन्यासाठी नदीत उतरायचं नाही, कितीही ओळखीची नदी असली तरी. एक लिटर पाणी वजन केलेल्या गाळणीकागदातून गाळा, कागद १०३ ते १०५ अंशांवर वाळवा, पुन्हा वजन करा. कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत हे होतं. लिटरला २०० मिलिग्रॅम गाळ आणि सेकंदाला ५० घनमीटर प्रवाह धरला तर दिवसाला ८६४ टन माती होते. हा गुणाकार नीट लिहून ठेवा, मॉडेलचा आकडा याच्याशी ताडायचा आहे.

मॉडेलला काय विचारायचं नाही

खाणपट्ट्यातल्या माणसाचा पहिला प्रश्न लोह आणि मँगनीजचा असतो. स्वॅट त्याचं विश्वासार्ह उत्तर देत नाही. बारीक गाळाला चिकटून येणारं लोह गाळाच्या वाटेनेच येतं, म्हणून गाळाचा नकाशा ‘नमुना कुठे घ्यावा’ हे सांगतो, ‘किती आहे’ हे नाही. मँगनीजचं वागणं त्याहून वेगळं. जलाशयाच्या तळाशी ऑक्सिजन संपला की ते पाण्यात विरघळतं, म्हणून वाहत्या नदीत ठीक दिसलेलं पाणी साठवल्यावर बिघडू शकतं. दोन्हींसाठी प्रयोगशाळेची चाचणीच हवी.

मैलाजंतूंचंही तसंच. जांभा सच्छिद्र आहे, सोक पिटमधलं (शोषखड्ड्यातलं) पाणी त्यातून विहिरीकडे कसं जातं हे या मॉडेलला दिसत नाही. तिथे साधा नकाशा जास्त कामाचा : विहिरी, सोक पिट, उतार आणि अंतर. तपासताना कसोटी योग्य घ्या. प्रक्रिया करून पिण्यासाठी वापरायच्या नदीपाण्याला केंद्रीय मंडळाचा ‘क’ वर्ग लागतो : विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ४ मिलिग्रॅम किंवा जास्त, बीओडी (सेंद्रिय घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन) ३ किंवा कमी, एकूण कोलिफॉर्म जंतू १०० मिलिलिटरला ५००० पर्यंत. आंघोळीच्या ‘ब’ वर्गात हाच कोलिफॉर्मचा आकडा ५०० वर येतो. शाळा-कॉलेजांच्या अहवालांत हे दोन वर्ग एकमेकांत मिसळलेले बरेचदा दिसतात.

उपाय करून बघा, मग लोकांपुढे ठेवा

जुळलेलं मॉडेल खऱ्या अर्थाने आता उपयोगी पडतं. उपपाणलोटांना हेक्टरी गाळाप्रमाणे क्रम लावा आणि वरच्या पाचांवर लक्ष द्या. मग एका वेळी एकच बदल करून रन घ्या : ढिगाच्या पायथ्याशी गाळ अडवणारं तळं, व्हाळाच्या काठाने गवताचा पट्टा, काजूच्या उतारावर सम पातळीचे चर, कापलेल्या डोंगरावर पुन्हा झाडोरा. प्रत्येक रन वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि आत एका ओळीची नोंद करा. निकाल ‘इतके टन’ असा सांगू नका, ‘मूळ परिस्थितीच्या तुलनेत इतके टक्के कमी’ असा सांगा. या मॉडेलच्या टनांपेक्षा त्याच्या तुलनेवर मी जास्त विसंबतो.

ग्रामसभेत नेण्याच्या नकाशावर उपपाणलोटांचे क्रमांक नकोत. व्हाळांची, वाड्यांची, सड्यांची लोकांच्या तोंडातली नावं घाला. ‘वन मॅप गोवा’ पोर्टलवरून सर्व्हे क्रमांक बघून तेही द्या, कारण कारवाई शेवटी सर्व्हे क्रमांकावर होते. रंग तीनच ठेवा. आणि नकाशा मोठ्या कागदावर छापून टेबलावर अंथरा, सोबत पेन्सिली ठेवा. ‘इथे काजू नाही, गेल्या वर्षी कापलं’, ‘हा व्हाळ आता पाइपात घातला’ असं कुणीतरी सांगेलच. ते तिथेच रेखून घ्या, जमिनीच्या नकाशात दुरुस्त करा, रन पुन्हा लावा, आणि जुना-नवा दोन्ही नकाशे तारखेसकट पंचायतीच्या दप्तरात द्या.